बिनबांगड्यांची भाकरी

माझी बायको गेली त्याला आता एक पावसाळा उलटून गेला. भेटायला येणारी माणसं कमी झाली आहेत. जी येतात ती चहा घेतात, भिंतीवरच्या फोटोकडे बघतात आणि तिच्या शाळेतल्या आठवणी सांगतात. तिचे पहिले विद्यार्थी आता स्वतःच निवृत्त झालेले. त्यांतले एक जण परवा निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, बाईंनी तुम्हाला आयुष्यात काही कमी पडू दिलं नाही." त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण एके काळी हेच वाक्य ऐकून मी घर सोडायला निघालो होतो. त्या दिवसांबद्दल लिहायचं पुष्कळ दिवस मनात होतं. ती असताना लिहिलं असतं तर तिनं समासात लाल पेन्सिलीनं खुणा केल्या असत्या, म्हणून राहून गेलं.

आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही दोघंही शिक्षक होतो. मी कळंब तालुक्यातल्या एका खासगी हायस्कुलात मराठी शिकवायचो, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. लोकांच्या लेखी बरोबरीचा जोडा. फरक एवढाच की तिचा पगार दर महिन्याला यायचा आणि माझा, शाळेला ग्रँट मिळाली की यायचा होता. ग्रँट मिळायच्या आधी बहात्तरचा दुष्काळ आला. पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली, वर्ग ओस पडले आणि हायस्कूल बंद झालं. मी पुस्तकांची ट्रंक एसटीच्या टपावर टाकून तिच्या नेमणुकीच्या गावी आलो. ते गाव भूम तालुक्यात, ईटच्या बाजूला.

तिथल्या सेवा सोसायटीच्या चेअरमननी मला गावच्या वाचनालयाचं काम दिलं. वाचनालय म्हणजे सोसायटीच्या गोदामापुढची एक खोली, संध्याकाळी उघडायची. दुष्काळी कामावरून आलेली माणसं तिथं येऊन बसायची, वर्तमानपत्रात पावसाची बातमी आहे का विचारायची आणि उठून जायची. मानधन मिळायचं, पण त्यात माझा एकट्याचाही महिना निघाला नसता. घर तिच्या पगारावर चाललं होतं. त्या वर्षी गावात रोख पैसा येणारी घरं हाताच्या बोटांवर होती आणि आमचं त्यांतलं एक होतं, त्यामुळे ही गोष्ट कुणापासून लपण्यासारखी नव्हती. किराणा दुकानदार भला माणूस. पण मी चहापत्ती मागितली की तो पुडी बांधता बांधता विचारायचा, "बाईंनी किती सांगितलीय?"

हे सगळं तिला माझ्याआधी कळत होतं. म्हणून ती जपून वागायची, आणि तिचं ते जपणंच मला लागायचं. पगार झाला की ती "आपला पगार झाला" म्हणायची. चपलेचा अंगठा तुटला तरी मला विचारायची, "नवा लावून घेऊ का हो?"

"मला कशाला विचारतेस?"

एकदा न विचारता तिनं माझ्या सदऱ्यासाठी कापड आणलं, तर मी ते कितीतरी दिवस शिंप्याकडे टाकलं नाही. विचारलं तरी मला लागायचं, नाही विचारलं तरी लागायचं. भांडण मात्र कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या दिवसांत तिच्यामागं फार काम होतं. सकाळची शाळा, शाळा सुटली की पोरांना सरकारातून आलेली कोरडी सुकडी खायला वाटायची, मग टँकरची रांग, आणि घरी येऊन चूल. एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला, तरी तिला जाग आली नाही. मी भाकरी उतरवली, चूल विझवली आणि तिला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी पीठ घेऊन बसलो.

रेशनवर तेव्हा तांबडी परदेशी ज्वारी मिळायची, मिलो. तिच्या पिठाला चिकटपणा म्हणून नव्हता. थापायला घेतली की भाकरीच्या चारी बाजूंनी भेगा पडायच्या, आणि उचलायला गेलं की अर्धी हातात, अर्धी परातीत. माझ्या पहिल्या भाकरीचे तुकडे तिनं कालवणात बुडवून खाल्ले आणि म्हणाली, "पीठ उकळत्या पाण्यात मळायचं. हात भाजला तरी थांबायचं नाही."

"हात भाजला तर?"

"आमचे रोजच भाजतात की."

ती रविवारी शेजारी बसून शिकवायची. शिकवताना ती शाळेतली बाई व्हायची, मान हलवून "पुन्हा" म्हणायची. थोड्या दिवसांत माझी भाकरी अख्खी उतरायला लागली. एक दिवस फुगलीसुद्धा. त्या भाकरीचा आनंद मला माझ्या बी.ए.च्या निकालापेक्षा जास्त झाला होता, पण हे मी कुणाला सांगणार? कारण माझी अट होती की भाकरी करताना दार बंद पाहिजे.

"दार लावून उकडून मरायचंय का?" ती म्हणायची.

"कुणी बघितलं तर?"

"बघितलं तर काय आभाळ कोसळणार आहे?" मग स्वतःच हसून, "कोसळलं तर बरंच. पाऊस तरी येईल."

दार मी लावत होतो, पण भिंतीचं काही करता येत नव्हतं. आमच्या दोन खोल्या आणि शेजारची एक खोली एकाच पत्र्याखाली होती. मधली मातीची भिंत वरपर्यंत नेलेली नव्हती, पत्र्याखाली हातभर फट होती. पलीकडे एक विधवा म्हातारी एकटी राहायची. आम्ही तिला मावशी म्हणत असू. गुडघे धरल्यामुळे ती कामावर जात नव्हती, टँकरची वेळ सोडली तर दिवसभर घरातच असायची.

एका दुपारी बायको टँकरवरून आली ती घागर खाली ठेवून आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. रांगेत मावशीनं तिला गाठलं होतं.

"बाई, घरात कोन आलंय तुमच्या?"

"कोणी नाही, मावशी."

"मला येडी समजता व्हय? तुमी साळंत असता तवा भाकरी थापल्याचा आवाज येतोय की. आन् हातात बांगडी न्हाय. एक किणकिण न्हाय का काय न्हाय. कोन बिचारी आलीया? सासूबाई? तुमचं मामंजी ग्येलं का काय?"

भाकरी थापताना बायकांच्या बांगड्या वाजतात. थापण्याचा आवाज आणि काचेचा आवाज एकत्र येतो, तो आपण इतका ऐकलेला असतो की वेगळा ऐकू येत नाही. मावशीला तो नसलेला ऐकू आला होता. थापणारा हात बाईचाच असणार, आणि बाईच्या हातात बांगडी नाही याचा त्या गावात एकच अर्थ होता. थापणारा पुरुष असेल, हे तिच्याच काय, कुणाच्याही मनात आलं नसतं.

माझे वडील तेव्हा गावाकडे चांगले खणखणीत होते. त्यांना वाचवण्यासाठी बायकोच्या तोंडून निघून गेलं, "मामंजी नव्हे हो. यांची आत्या आलीय. तिला बोलता येत नाही, घशाचं दुखणं झालंय, म्हणून कुणापुढं येत नाही."

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं? भाकरी करा." मग जरा थांबून डोळे मिचकावत म्हणाली, "नाहीतर माझ्यातल्या चार बांगड्या चढवा, म्हणजे आत्या गेली आणि नणंद आली असं सांगते."

तिनं ते मजेनं म्हटलं होतं. पण 'बांगड्या भर' म्हणून पुरुषाला गावात कसं हिणवतात ते मला ऐकू आलं, आणि मी उठून वाचनालयात जाऊन बसलो. नंतर ती ताट वाढताना हळूच म्हणाली, "चुकलं माझं." मी म्हटलं, "तुझं काय चुकलं?"

आत्या आल्याचा सगळ्यांत जास्त आनंद मावशीला झाला. आपल्यासारखीच कुणीतरी भिंतीपलीकडे आहे, तीही दिवसभर घरात, आणि मुख्य म्हणजे मध्ये न बोलणारी. मी परात पुढं ओढली की पलीकडून आवाज यायचा, "बसला का आत्याबाई?" मी उलथनं परातीवर एकदा वाजवायचो. तेवढं तिला पुरायचं. मग ती भिंतीला पाठ लावून सुरू व्हायची. रेशनचं कसं, टँकरवर कोण कुणाच्या झिंज्या उपटायला उठलं, कुणाची सून कुठल्या कामावर खडी फोडते. मी भाकऱ्या थापत ऐकायचो. खरं सांगायचं तर मला त्या गावची ओळख तिच्यामुळे झाली.

माझाही विषय निघायचा. "तुमचा भाचा गुणाचा हाय बरं का. दारू न्हाय, बिडी न्हाय. पन तोंड खाली घालून चालतोय. गावात 'बाईंचा नवरा' म्हनत्यात त्याला. म्हनू द्या की! बाईंचाच हाय, दुसऱ्या कुनाचा हाय का?"

मी उलथनं वाजवलं.

अशात चेअरमननी मला बोलावलं. तिकडं धाराशिवच्या पलीकडं एका नव्या सहकारी कारखान्याची उभारणी चालली होती. तिथं स्टोअरमध्ये कारकून हवा होता आणि चेअरमनचा शब्द तिथं चालत होता. पगार बायकोच्या पगारापेक्षा कमीच, पण पगार. राहायचं तिथंच, पत्र्याच्या शेडमध्ये. चेअरमन मायेनं बोलत होते. "मास्तर, बाई तुम्हाला काही कमी पडू देत न्हाईत, ते समद्या गावाला दिसतंय. पण गडीमाणसाला ते दिसलेलं बरं असतं का? सांगा तुम्हीच."

मी त्यांना हो म्हणून आलो.

घरी सांगितलं तेव्हा ती पोरांच्या वह्या तपासत होती. पेन्सिल खाली न ठेवता तिनं विचारलं, "तुम्हाला जायचंय?"

"गेलं पाहिजे."

"ते नाही विचारलं." मग ती वही मिटून म्हणाली, "जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. पण माझ्यासाठी म्हणून जाऊ नका. मला तुमच्या पगाराची वाट बघायची नाहीये."

"मग कशाची बघायचीय?"

ती उठून पाणी प्यायला गेली. मला वाटलं, तिच्याकडं उत्तर नाही. तिच्याकडं होतं. ते सांगितलं तर ती आपल्याला धरून ठेवते आहे असं मला वाटेल, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. हे कळायला मला पलीकडची म्हातारी लागली.

भाचा चाललाय हे मावशीला टँकरवर कळलं. दुसऱ्या दिवशी मी परात ओढायच्या आधीच ती भिंतीशी आलेली होती.

"आत्याबाई, भाच्याला समजवा. आमचा मालक बी असाच ग्येला. निजामाच्या टायमाला. त्याला काम न्हवतं, म्या तळ्यावर माती वाहायला जायची. सांजंला यावं तर त्यो चूल पेटवून बसलेला असायचा. भाकरी न्हाय यायची त्याला, पन चूल पेटलेली. गाव हसलं. मंग ग्येला बार्शीला, गिरणीत. मनीआर्डर धाडायचा. पोस्टमन दारात, गाव बगतंय, मला म्हनत्यात कशी, नशीब काढलंस! मनीआर्डर काय, पोस्टमन द्यायचा. नवरा कुठं द्यायचा? घरात पाय ठिवला की अंधार आन् गार चूल. म्या कुनाला सांगितलं न्हाय, तुमाला सांगते. लई रडले. पैशाला न्हाय."

माझे हात थांबले होते. मावशीला ते कळलं नाही.

"आन् दुसरं बी असतंय की, आत्याबाई. तुमी बी माज्यावानी. तुमाला काय येगळं सांगायचं. रातचं बाई मानसाला…"

पुढं ती जे बोलायला लागली ते एका विधवेनं दुसरीलाच सांगावं असं होतं. ते मी इथं लिहिणार नाही. तेव्हाही मला ते ऐकवेना. उलथनं वाजवून भागण्यासारखं नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, "मावशी, थांबा. मी आहे."

पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला.

"कोन?"

"मी. मास्तर."

"आत्याबाई कुठं हायती?"

"आत्या नाही. भाकरी मीच थापतो."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

मग तिनं तोंड सोडलं. माझा मुडदा बसवला, माझ्या सात पिढ्या काढल्या, न जन्मलेल्या आत्यालाही सोडलं नाही. "बाईमानूस समजून म्या ह्या मेल्याला समदं पोटातलं सांगितलं की गं बाई!" असं ओरडत ती दुखऱ्या गुडघ्यांनी रस्त्यावर गेली, आणि मास्तर भाकऱ्या बडवतो ही बातमी दुपारच्या आत दुष्काळी कामापर्यंत पोचली.

बायको शाळेतून येताना मावशीनं तिलाही वाटेत अडवलं. ती घरात आली ती दाराला टेकून खालीच बसली. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडात कोंबून हसत होती. "सगळं ऐकलं तुम्ही? सगळं?" "सगळं नाही," मी म्हणालो, "मध्येच थांबवलं." ती आणखी हसली. दुष्काळ पडल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मलाही हसू आलं.

गावानं जे करायचं ते केलं. दुकानदारानं विचारलं, "काय मास्तर, आज कालवण काय?" पारावरच्या पोरांनी मी जाताना टाळ्यांनी भाकरी थापल्याचा आवाज काढला. चेअरमननी मान हलवली आणि म्हणाले, "बरं झालं, वेळेवर निघालात." एवढं सगळं झालं, आणि संध्याकाळी एक गडी वाचनालयात इकडं तिकडं बघत माझ्याजवळ आला. त्याची बायको खडी फोडायला जायची, त्याला स्वतःला ताप येऊन गेला होता. हळूच म्हणाला, "मिलोची भाकरी मोडत न्हाय ती कशी करायची, मास्तर?" मी त्याला उकळत्या पाण्याचं सांगितलं.

जायचा दिवस आला. बायकोनं माझी पिशवी भरून दाराशी ठेवली. सदरे दोन, त्यांतला एक नवीन. ते कापड शेवटी तिनंच शिवून आणलं होतं. शाळेला निघताना उंबऱ्यात थांबली, माझ्याकडे बघितलं आणि "येते" म्हणून गेली. जाणारा मी होतो, पण "येते" तीच म्हणाली.

गाडीला वेळ होता. मी वाटेसाठी भाकरी करून घ्यावी म्हणून चूल पेटवली. दार लावायला उठलो आणि मग लावलं नाही. आता कुणापासून लावायचं? तसाच परतलो, पीठ मळलं. रस्त्यानं माणसं जात होती, बघत होती, जात होती. थापता थापता मला जाणवलं की मी ज्यासाठी चाललो होतो ते आता गावात शिल्लकच नव्हतं. लोकांनी हसू नये म्हणून जायचं, तर लोक हसून मोकळे झाले होते. आता गेलो तर इथून जाणारं एकच होतं, तिनं घरात पाऊल टाकल्यावर घरात कुणीतरी असणं.

आमचं घर रस्त्यावरच होतं. गाडी आली, दारासमोर थांबली. कंडक्टर ओळखीचा, त्याला चेअरमननी सांगून ठेवलं होतं. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मास्तर, चला की! जागा धरलीय."

तव्यावर भाकरी होती. ती मी उलटली.

"जाऊ द्या गाडी," मी म्हणालो.

"उद्याच्यानं येताय का?"

"नाही. जाऊ द्या."

तो काही वेळ माझ्याकडे आणि तव्याकडे बघत राहिला. मग घंटी वाजली आणि गाडी गेली. धुरळा घरात आला, मी परातीवर फडकं टाकलं.

दुपारी ती आली. मी दिसलो, पिशवी दिसली. पिशवीतले सदरे काढून तिनं खुंटीला अडकवले, हातपाय धुतले, आणि पाटावर बसता बसता थांबली. तिचा चेहरा मला तेव्हा नीट दिसला नाही, पाठमोरी होती.

"आधी शेजारी एक भाकरी देऊन या," ती म्हणाली. "आणि शिव्या खाऊन या. मग जेवू."

मी ताटलीत भाकरी घेऊन मावशीच्या दारात उभा राहिलो. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. तिनं वर न बघता भाकरी उचलली, उजेडाकडे धरली, बाजूनं मोडून पाहिली.

"कड कच्ची ऱ्हायलीया," ती म्हणाली. "उद्या नीट भाज."

"बरं," मी म्हणालो.